नमस्कार पुढे पाठवावा



वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो. समोरचा वयाने लहान असो, जातीने कोणी असो, परगावचा असो. गळ्यात माळ दिसली की हात पायाकडे जातो आणि तोही तितकाच वाकतो. नवख्या माणसाला या रीतीचे नवल वाटते. थोर कोण आणि लहान कोण, याचा निकाल लागतच नाही. निकाल लागू नये म्हणूनच ही रीत आहे. पाया पडणारा ज्याला वाकतो तो आत बसलेला पांडुरंग. ज्याचे पाय धरले जातात त्याने तो नमस्कार जागच्या जागी अडवून ठेवायचा नाही, पुढे पाठवायचा. मी चाळीस वर्षांहून अधिक काळ कीर्तन केले, आळंदीला चार वर्षे शिकलो, आणि तरीही एकदा हा नमस्कार मी माझ्याजवळ ठेवून घेतला. ती गोष्ट सांगणार आहे. पण आधी दुसऱ्या एका घरची गोष्ट ऐका. त्या घरानेच मला माझी चूक नीट दाखवली.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. वडिलांच्या पायाची जखम चिघळली होती. अंबाजोगाईच्या वैद्यांचे लेप झाले, गावठी औषधे झाली. पाय काळा पडू लागला. कोणीतरी म्हणाले, मिरजेला न्या. आम्ही मोटारीने लातूर गाठले आणि बार्शी लाइटच्या छोट्या गाडीत बसलो. ही लाइन १९०६ साली पंढरपूरला पोचली, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला. आमच्या भागातल्या माणसाला पांडुरंगाकडे नेणारे आणि दवाखान्याकडे नेणारे रूळ एकच होते. डब्यात काहींच्या हातात टाळ, तर काहींच्या हातापायाला फडकी बांधलेली. पंढरपूर आले तेव्हा वडिलांनी बसल्या जागेवरून हात जोडले. उतरता येत नव्हते.

मिरजेचा मिशन दवाखाना डॉ. विल्यम वानलेस यांनी उभा केला. मूळचे कॅनडाचे हे गृहस्थ १८८९ साली हिंदुस्थानात आले आणि १८९४ साली त्यांनी मिरजेत दवाखाना उघडला. डॉक्टर घडवण्याचे काम त्यांनी केले, कुष्ठरोग्यांची सोय केली. सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी त्यांच्याच नावाची. आम्ही गेलो तेव्हा त्यांना जाऊन पंचवीस वर्षे झाली होती, पण गावोगावी लोक अजून 'वानलेसकडे नेलं' असेच म्हणत.

मला आठवते ती तिथली एक नर्सबाई. रोज सकाळी ती कोमट पाण्याची परात घेऊन येई, खाली बसे आणि वडिलांचा पाय धुई. त्या पायाला इतका वास येत होता की घरचे लोकही पदर नाकाला लावत. वडील पहिल्या दिवशी पाय मागे ओढू लागले. म्हणाले, "बाई, तुम्ही पायाला हात लावू नका." ती म्हणाली, "काका, माझं कामच ते आहे." महिन्याने पाय वाचला. निघताना वडील तिला वाकायला गेले, तेव्हा तिने दोन्ही हातांनी त्यांना उभे केले आणि बोट वर दाखवले. "तिकडं करा. मी फक्त पाय धुतला."

हे वाक्य मी पुष्कळ वर्षे नुसतेच लक्षात ठेवले. कीर्तन थांबल्यावर, दिवसभर रिकामा झाल्यावर, नगरकडच्या एका ख्रिस्ती मास्तरांनी मला मराठी 'नवा करार' वाचायला दिला. कोणी म्हणेल, माळकऱ्याने हे कशाला वाचावे? रेव्हरंड ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले आणि तरी हातात चिपळ्या घेऊन कीर्तन करीत राहिले. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते मानत. त्यांना आपल्या घरातून त्या घरात जाता आले, तर आपल्याला शेजाऱ्याच्या ओसरीवर घटकाभर बसायला काय हरकत आहे? माळ माझ्या गळ्यात आहे, ती तिथेच राहणार.

त्या पोथीत पहिल्यांदा मला ती परात भेटली. आपल्याला धरून नेणार हे माहीत असलेल्या रात्री येशू ख्रिस्ताने कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. त्या देशात हे घरगड्याचे काम. पेत्र नावाच्या शिष्याने माझ्या वडिलांसारखाच पाय मागे घेतला होता.

पुढे 'प्रेषितांची कृत्ये' या भागात त्यांच्या आरंभीच्या मंडळीचा इतिहास आहे. चर्चला मराठीत ते मंडळी म्हणतात. माळकरी मंडळी म्हणतो तसे. यरुशलेमच्या देवळाच्या 'सुंदर' नावाच्या दरवाजापाशी एक जन्माचा पांगळा भीक मागत बसे. आपल्या नामदेव पायरीजवळ बसणारी माणसे डोळ्यांपुढे आणा. दुपारच्या प्रार्थनेला जाताना पेत्र आणि योहान त्याच्यापाशी थांबले. द्यायला पैसा नव्हता. पेत्राने ख्रिस्ताचे नाव घेतले, उजवा हात धरून त्याला उठवले, आणि तो चालू लागला. लोक धावत आले. आता पाहा, माउली, खरी कसोटी इथे लागते. पांगळा उठला तेव्हा लागली नाही. गर्दी जमली तेव्हा लागली. पेत्राने त्या लोकांना विचारले की आमच्याकडे असे टक लावून का पाहता? आमच्या बळाने किंवा आमच्या पुण्याईने हा चालू लागला असे समजू नका. गर्दीचा नमस्कार त्याने एका क्षणात पुढे पाठवला.

लुस्त्र नावाच्या गावी, आजच्या तुर्कस्तानात, याहून पुढची गोष्ट घडली. पौल आणि बर्णबा यांच्यामुळे एक पांगळा उठला. गावकरी आपल्या बोलीत ओरडू लागले की देव माणसाच्या रूपाने खाली उतरले! बर्णबाला ज्यूस ठरवले, पौलाला हर्मीस. पुजारी बैल आणि हार घेऊन आला. त्या दोघांनी आपले कपडे फाडले आणि गर्दीत शिरून सांगितले, आम्ही तुमच्यासारखीच माणसे आहोत. पुढे दुसऱ्या गावचे लोक येऊन चिथावणी देऊ लागले तेव्हा याच गावात पौलाला दगडांनी मारून, मेला समजून बाहेर ओढून टाकण्यात आले. हार घालणारी गर्दी आणि दगड मारणारी गर्दी यांत अंतर किती थोडे असते! शोमरोनातल्या शिमोन नावाच्या जादूगाराने तर ही शक्ती विकत मिळावी म्हणून पैसे पुढे केले. पेत्राने त्याला फटकारले.

याच पौलाच्या अंगात एक दुखणे होते. ते जावे म्हणून त्याने तीनदा विनवले. ते गेले नाही. त्याने हे लपवले नाही, पत्रात लिहून ठेवले. त्रफिम नावाच्या सोबत्याला त्याने मिलेत गावी आजारीच मागे ठेवले. तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले. त्याचा सोबती लूक तर वैद्यच होता. ज्यांच्या हातून चमत्कार झाले असे पोथी सांगते, त्यांनी औषधाला कधी कमी लेखले नाही.

दोनशे वर्षांनी रोमी साम्राज्यात मोठी साथ आली, इ.स. २५० च्या सुमारास. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस लिहितो की आमच्यातले पुष्कळ लोक रोग्यांची सेवा करता करता स्वतः गेले. आपल्या माणसांची थोरवी आपल्या पत्रात असणारच, हे धरून वाचावे. पण कार्थेजच्या सिप्रियनने आपल्या लोकांना सांगितले होते की परक्यांचीही शुश्रूषा करा. आणि हे परके तेच, जे त्यांचा छळ करीत होते. सन ३७० च्या सुमारास कैसरियाच्या बेसिलने गावाबाहेर रोग्यांसाठी मोठे स्थान उभारले. बड्या घराण्यातला हा माणूस कुष्ठरोग्यांना जवळ घेई, असे त्याचा मित्र ग्रेगरी सांगतो. रोममध्ये फाबिओला नावाच्या श्रीमंत बाईने दवाखाना काढला. लोकांना पाहवत नसत अशा जखमा ती स्वतः धुई, रोग्यांना खांद्यावर उचलून आणी. म्हणजे चमत्कार मागे राहिला तरी परात पुढे चालत आली, ती मिरजेपर्यंत.

त्या घरानेही हे व्रत सदैव पाळले असे नव्हे. पुढे तिथेही सत्ता आली, मान आला, संतांच्या अस्थींचा बाजार झाला. शेजाऱ्याचे कौतुक करताना डोळे मिटायचे कारण नाही. आणि आपल्या घरी परात नव्हती असेही नाही. आमच्या गेवराईकडून गोदा ओलांडली की पैठण. तिथल्या तापल्या वाळवंटात रडणारे महाराचे लेकरू नाथांनी उचलले, कडेवर घेतले, घरी पोचवले, असे आपण सांगत आलो. नाथांनी त्या मुलाला बुक्का लावला नाही. उचलून घेतले.

आता माझी गोष्ट.

केज तालुक्यातल्या एका गावी सप्ताह होता. काल्याच्या कीर्तनानंतर एका बाईने तापाने फणफणलेले पोर माझ्या पायावर घातले. "महाराज, तेवढा बुक्का लावा." मी लावला. त्याच रात्री मुलाचा बाप त्याला अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. टायफॉईड निघाला, अकरा दिवस इंजेक्शने झाली, पोर बरे झाले. हे मला त्या बापानेच सांगितले होते. पुढच्या सप्ताहात तीच बाई पेढे घेऊन आली आणि भरल्या मंडपात म्हणाली, "महाराजांच्या बुक्क्यानं माझं पोर उठलं." मला एवढेच म्हणायचे होते की बाई, पोर दवाखान्यात बरे झाले. मी डोळे मिटले आणि मंद हसलो. त्या दिवशी दर्शनाची रांग मंडपाबाहेर गेली. मला गोड वाटले, हे लपवत नाही.

दोन वर्षांनी श्रावणात, पावसात, घोणस चावलेला एक तरणा मुलगा जीपमधून माझ्या दारात आणला. दवाखाना एका दिशेला, माझे घर दुसऱ्या दिशेला. मी ओरडलो, "इथं कशाला आणलं, आधी दवाखाना गाठा!" जीप वळली. तो वाटेतच गेला. वेळेवर पोचला असता तर वाचला असता का, ते पांडुरंगाला ठाऊक. पण त्याला माझ्या दारात माझ्या त्या गप्प बसण्याने आणले होते. लुस्त्रच्या गर्दीत ज्यांनी कपडे फाडले त्यांना जे कळले होते, ते मला त्या मंडपात कळले नाही. नम्रता हा अंगावर मिरवायचा दागिना आहे असे मी समजत होतो. ती न पाळली तर कोणाचा तरी जीव जातो.

त्यानंतर मी जोवर कीर्तन केले तोवर आरतीआधी एक वाक्य ठरवून म्हणत असे. ज्याच्या घरी ताप आहे, दंश आहे, दुखणे आहे, त्याने आधी डॉक्टर गाठावा, दर्शन नंतर. काही गावांत लोकांना ते रुचले नाही. पुढच्या वर्षी निमंत्रण आले नाही. त्याचे वाईट वाटून घेतले नाही.

वाचकहो, तुमच्यात कोणी कीर्तनकार असतील, कोणी डॉक्टर, कोणी घरच्या म्हाताऱ्याचे अंथरूण काढणारी सून असेल. तुमच्या हाताने कोणाला बरे वाटेल आणि ते माणूस वाकेल. त्याला वाकू द्या, आपणही वाका, आणि बरे कशाने वाटले ते खरे सांगा. नमस्कार आपल्या पायाशी मुक्कामाला थांबू देऊ नका. त्याला पंढरी गाठायची आहे.

रामकृष्ण हरी.