चौदा नॉटवरून झेप

मागच्या दिवाळीत पाथरीच्या स्टँडबाहेर एक बजाज व्ही15 उभी होती. मालकाला म्हटलं, "भाऊ, हिच्यात विक्रांतचं लोखंड आहे." तो म्हणाला, "म्हणून तर घेतली. पण विक्रांतनं केलं काय, ते सांगा ना." समुद्र इथून चारशे किलोमीटर लांब. मला धड सांगता आलं नाही. घरी येऊन वाचत बसलो.

1965च्या युद्धात विक्रांत मुंबईच्या गोदीत दुरुस्तीला होती. पाकिस्ताननं तर ती बुडवल्याचंही सांगून टाकलं. 1970मध्ये पुन्हा गोदी. यावेळी बॉयलरच्या ड्रमना भेगा पडल्या होत्या, आणि त्या वेल्डिंगनं बुजणाऱ्या नव्हत्या. नवे ड्रम ब्रिटनहून यायचे होते. वाट बघितली असती तर दुसरं युद्धही गोदीतच गेलं असतं. म्हणून 1971मध्ये वाफेचा दाब कमी ठेवून जहाज चालवायचं ठरलं. वेग 14 नॉटवर आला, म्हणजे ताशी जेमतेम 26 किलोमीटर. आमच्याकडे शेताच्या वाटेवर मोटारसायकल याच वेगानं जाते.

वैमानिकाला याचा काय फरक पडतो? खूप पडतो. जहाज वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं जितकं जोरात धावेल, तितका वारा उडणाऱ्या विमानाला आयता मिळतो. विमान पुढे फेकणारं कॅटापुल्टही वाफेवरच चालतं. उतरतानाही तेच. शेपटीखालचा हूक डेकवरच्या तारेत अडकवून थांबायचं असतं आणि जहाज हळू असेल तर विमान तारेवर जास्त जोरात आदळतं. आमच्या कामात अर्धे सर्व्हर बंद असताना सिस्टिम चालू ठेवली तर फार तर रात्रीची झोप जाते. इथे खाली बंगालचा उपसागर होता.

3 आणि 4 डिसेंबरच्या मधल्या रात्री विक्रांतच्या शोधात आलेली पाकिस्तानी पाणबुडी गाझी विशाखापट्टणमजवळ बुडाली. 4 तारखेला लेफ्टनंट कमांडर संतोष कुमार गुप्ता यांच्या 300 क्रमांकाच्या 'व्हाइट टायगर्स' स्क्वॉड्रनची आठ सी हॉक विमानं कॉक्स बाजारकडे झेपावली. सी हॉक म्हणजे पन्नाशीच्या दशकातलं, आवाजापेक्षा हळू, एकाच वैमानिकाचं जेट. मग चितगाव, खुलना, मोंगला. बंदरातली जहाजं हे मुख्य लक्ष्य होतं, म्हणजे पूर्व पाकिस्तानातल्या सैन्याला समुद्राकडून रसद मिळू नये आणि पळायलाही वाट राहू नये. पुढचे काही दिवस हल्ले चालले. खालून विमानविरोधी तोफा. परतताना इंधन मोजकं आणि उतरायचं त्याच संथ, अरुंद डेकवर. स्क्वॉड्रनचा प्रमुख तळावर बसून आदेश देत नव्हता, तो पुढे उडत होता.

गुप्तांना महावीर चक्र मिळालं. दुसरं जहाजाचे कॅप्टन स्वराज प्रकाश यांना. बॉयलरवाल्यांची नावं मात्र मला कुठेच सापडली नाहीत.

2014मध्ये विक्रांत मुंबईत तोडली गेली. सी हॉक बघायचं असेल तर गोव्यात दाबोळी विमानतळाजवळ नौदलाचं विमान संग्रहालय आहे. व्हीवाले भाऊ भेटले तर हे सगळं सांगायचंय. नंबर घ्यायचा राहिला.