लढाई कुणाच्या आजीनं सांगितली?

अमेरिकेतलं यादवी युद्ध मी पहिल्यांदा ऐकलं ते आमच्या वऱ्हाडातल्या घराच्या ओसरीवर. आबा, म्हणजे माझे आजोबा, त्याला ‘अमेरिकेतली भावाभावाची लढाई’ म्हणत. लिंकन त्यांना ठाऊक नव्हता, गेटिसबर्गही नव्हतं. पण ती लढाई लागली तेव्हा आपल्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला, हे त्यांनी त्यांच्या आज्याकडून ऐकलं होतं. “गाडीच्या चाकाले चांदीच्या धावा होत्या बापा, चांदीच्या!” असं म्हणताना ते हातानं हवेत चाकाचा गोल काढत. लोखंडाच्या धावेचा रस्त्यावर कसा खडखडाट होतो आणि चांदीच्या धावेचा आवाज कसा बसका येतो, हेही ते सांगत. तो आवाज त्यांनी स्वतः कधी ऐकला नव्हता.

ही गोष्ट एकट्या आमच्या घरची नाही. चांदीच्या धावांचा उल्लेख इंग्रजांच्या काळातल्या लिखाणातही सापडतो. तिच्यामागचं कारण तर खरंच आहे. १८६१ च्या एप्रिलमध्ये फोर्ट समटर या किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या आणि लिंकननं फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी केली. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस तोवर याच दक्षिणेतून जात होता. तो थांबला आणि गिरणीवाल्यांची नजर मुंबईकडे वळली. खानदेश, वऱ्हाड, नागपूर, धारवाड, गुजरात, जिथून मिळेल तिथून कापूस मुंबईच्या बंदरावर येऊ लागला. मुंबईत पैसा इतका आला की समुद्र बुजवायच्या कंपन्यांचे शेअर लोकांनी डोळे मिटून घेतले. प्रेमचंद रायचंद हे त्या सट्ट्याचे राजे होते. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून उभा राहिला, त्याला नावही त्यांच्या आईचं. पुढे १८६५ च्या ९ एप्रिलला दक्षिणेचा जनरल ली अ‍ॅपोमॅटॉक्सला शरण आला. कापसाचा भाव कोसळला आणि मुंबईतल्या पेढ्या एकामागून एक बुडाल्या.

आबांची गोष्ट मात्र भाव चढला तिथेच संपायची. भाव पडल्यावर त्या चांदीचं काय झालं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांच्या आज्यानंही त्यांना ते सांगितलं नसणार.

पुढे कॉलेजात असताना तालुक्याच्या वाचनालयात मार्गारेट मिचेलची त्याच लढाईवरची कादंबरी ‘गॉन विथ द विंड’ हाती आली आणि मी ती रात्री जागून संपवली. त्या कादंबरीतली भूक मला अजून आठवते. ज्वाळांतल्या अटलांटातून निसटून, जाळपोळीतून वाचलेल्या आपल्या घरी परतलेली नायिका स्कार्लेट शेजारच्या उजाड मळ्यात अन्न शोधत फिरते. मातीतून उपटलेला एक मुळा ती तसाच खाते, तो पोटात टिकत नाही, आणि मातीतून उठल्यावर ती शपथ घेते की पुन्हा कधी उपाशी राहणार नाही. युद्ध रणांगणावरून स्वयंपाकघरात कसं शिरतं, हे इतक्या ताकदीनं फार थोड्यांनी लिहिलं आहे. ते श्रेय मिचेलचंच.

हे तिनं आणलं कुठून? मिचेलचा जन्म १९०० सालचा, अटलांटाचा. लहानपणी रविवारी दुपारी नातेवाइकांकडे जायचं, म्हाताऱ्यांच्या मांडीवर बसायचं आणि त्यांच्या तोंडून लढाया ऐकायच्या, असं तिचं बालपण गेलं. त्या म्हाताऱ्यांत दक्षिणेच्या फौजेतून लढलेले शिपाई होते. त्यांनी तिला सगळं सांगितलं, पण दक्षिण हरली एवढं मात्र सांगितलं नाही. हे कळलं तेव्हा ती दहा वर्षांची होती, असं तिनंच पुढे सांगून ठेवलं आहे. मला ही आठवण तिच्या अख्ख्या कादंबरीची किल्ली वाटते. मोठ्यांच्या गोष्टीत जे येतं ते बहुतेक खरंच असतं. फसगत होते ती त्यांनी वगळलेल्या भागामुळे.

मिचेलच्या म्हाताऱ्यांनी आणखीही एक गोष्ट वगळली होती. १८६० च्या खानेसुमारीत दक्षिणेत जवळपास ४० लाख माणसं गुलाम म्हणून नोंदलेली आहेत. तिच्या कादंबरीत ती येतात ती मालकिणीवर जीव टाकणारी, मालकाविना पोरकी होणारी. आणि तोंड झाकून रात्री काळ्या माणसांवर हल्ले करणारे कू क्लक्स क्लॅनचे लोक येतात ते स्त्रियांचे रक्षणकर्ते म्हणून. हा मिचेलच्या एकटीचा दोष नव्हे. दक्षिणेतल्या शिपायांच्या लेकीसुनांनी १८९४ मध्ये एक संघटना काढली होती, ‘युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी’. तिच्या इतिहासप्रमुख राहिलेल्या मिल्ड्रेड रदरफोर्डबाईंनी १९२० च्या सुमारास शाळा-ग्रंथालयांसाठी एक पुस्तिकाच लिहिली. दक्षिण गुलामगिरी टिकवण्यासाठी लढली असं म्हणणारं पुस्तक नाकारा, मालकांना क्रूर म्हणणारं पुस्तक नाकारा, असे त्यात सरळ नियम दिले होते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात विल्यम डनिंग आणि त्यांचे विद्यार्थी युद्धानंतरच्या काळाचा जो इतिहास लिहीत होते, तोही याच वाटेनं जाणारा होता. ओसरीवरची गोष्ट अशी शाळेत गेली, तिथून विद्यापीठात गेली आणि १९३९ मध्ये मिचेलच्या कादंबरीवरचा रंगीत सिनेमा होऊन जगभर फिरली.

युद्धाच्या कारणाबद्दल तर वादाला जागाच नव्हती. फुटून निघणाऱ्या मिसिसिपी राज्यानं १८६१ च्या आपल्या जाहीरनाम्यातच गुलामगिरी हे कारण लिहून दिलं आहे. दक्षिणेचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यानं त्याच वर्षी २१ मार्चला सव्हाना शहरात भरसभेत सांगितलं की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हीच आमच्या नव्या सरकारची कोनशिला आहे. इतकं स्वच्छ बोललेलं पुढच्या दोन पिढ्यांनी कसं झाकून टाकलं, याचा हिशेब डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९३५ मध्ये ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’मध्ये मांडला. त्यांचं शेवटचं प्रकरण इतिहासाच्या नावाखाली चाललेल्या प्रचारावर आहे, आणि त्यात त्यांनी शाळेची पुस्तकं समोर ठेवून एकेक मुद्दा तपासला आहे. पुढच्याच वर्षी मिचेलची कादंबरी आली. लाखो प्रती कुणाच्या खपल्या, हे सांगायला नकोच.

१९३६ हे साल या विषयात मला विलक्षण वाटतं. त्याच वर्षी विल्यम फॉकनरची ‘अ‍ॅब्सलम, अ‍ॅब्सलम!’ आली. फॉकनरचे पणजोबा दक्षिणेच्या फौजेत कर्नल होते, म्हणजे तोही अशाच गोष्टींवर वाढलेला. पण त्याच्या कादंबरीत म्हातारी माणसं एकच कहाणी परोपरीनं सांगतात, आणि ऐकणारा मुलगा त्या तुकड्यांतून खरं काय ते जुळवता जुळवता बेजार होतो. आणि त्याच वर्षी सरकारी लेखक प्रकल्पातली माणसं दक्षिणेतल्या गावोगाव वही-पेन्सिल घेऊन हिंडू लागली. १९३८ पर्यंत त्यांनी, एके काळी स्वतः गुलाम असलेल्या, २३०० हून अधिक वृद्धांच्या आठवणी लिहून घेतल्या. विचारणारे बहुतेक गोरे होते आणि सांगणारा त्यांच्याच गावात, बहुधा मोठ्या गरिबीत जगत होता. त्यामुळे त्या नोंदी वाचताना कोण कुणाशी बोलतंय हे सतत ध्यानात ठेवावं लागतं. तरीही मालकाविषयी चार गोड शब्द बोलून झाल्यावर म्हातारी मध्येच विकलेल्या भावंडांबद्दल बोलायला लागते, तेव्हा पान उलटायला हात धजत नाही.

या सगळ्यात माझ्या सर्वांत जवळचं पुस्तक आहे मार्गारेट वॉकरची ‘ज्युबिली’. नाव तेच, मार्गारेट. ही १९१५ सालची, अलाबामातल्या बर्मिंगहॅमची. हिलाही आजी रोज रात्री झोपताना गोष्टी सांगे, स्वतःच्या आईच्या, म्हणजे वॉकरच्या पणजीच्या, जी जॉर्जियात गुलाम म्हणून जन्मली होती. वॉकरच्या वडलांना वाटे, म्हातारी पोरीला नको त्या भयंकर गोष्टी रचून सांगते. आजी ठणकावून म्हणे की यात रचलेलं काही नाही, हे उघडं सत्य आहे. वॉकरनं एकोणिसाव्या वर्षी ही कादंबरी लिहायला घेतली आणि ती छापून आली १९६६ मध्ये. मधली तीस वर्षं तिनं शिकवलं, संसार केला, चार मुलं वाढवली आणि आजीची गोष्ट दप्तरांत जाऊन ताडून पाहिली. गोष्टीवर माया असणं आणि ती तपासणं या दोन्हींत तिला विरोध दिसला नाही, याचं मला फार मोल वाटतं.

‘ज्युबिली’ची नायिका व्हायरी ही मालकाचीच मुलगी, गुलाम बाईच्या पोटची. कादंबरी सुरू होते तेव्हा बाळंतपणांनी खंगलेली तिची आई मरणाच्या दारात आहे. पुढे व्हायरी मालकाच्या घरची स्वयंपाकीण होते. एकदा पळून जायची संधी मिळते, पण ती पोरांना सोडून जात नाही. त्यांना घेऊन निघते, पकडली जाते आणि चाबकाचे फटके खाते. युद्ध येतं ते तिच्या चुलीच्या आडूनच दिसतं. मालकाघरचे पुरुष एकेक करून मरतात आणि घराचा डोलारा तिच्या हातांवर उभा राहतो. शेवटाकडे ती आपल्या दोन्ही नवऱ्यांसमोर पाठ उघडी करते. वळ दाखवते आणि तरी सांगते की माझ्या मनात द्वेष नाही. स्कार्लेटची भूक वाचून झाल्यावर ही पाठ पाहावी. तोच जॉर्जिया, तेच युद्ध.

‘ज्युबिली’ वाचून मी गावी गेलो तो दिवाळीनंतरचा काळ होता, पऱ्हाटी फुटलेली. आमच्या शेतात वर्षानुवर्षं वेचणीला येणारी एक मावशी धुऱ्यावर बसली होती, ओटीतला कापूस गठुड्यात रिकामा करत. बोंडाच्या टोकांनी तिच्या नखांशेजारची कातडी फाटून काळी पडली होती. मी तिला आबांच्या चांदीच्या धावांचं विचारलं. ती म्हणाली, “थ्या धावा आमच्या लोकायनं नाही पाह्यल्या भाऊ. माही आजी सांगे, कापसाले भाव आला तवा जवारीलेही आला. कापूस काय चुलीवर शिजते?”

तिनं एका वाक्यात जे सांगितलं ते कागदांतही आहे. रानं कापसाखाली गेली आणि धान्य महागलं. तेजीत शेतकऱ्याला सावकारानं हात सैल सोडून कर्ज दिलं, मंदीत तेच अंगावर आलं, आणि वाढवलेल्या शेतसाऱ्याची त्यात भर पडली. पुणे-नगरकडे १८७५ च्या १२ मे रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं बाहेर काढून जाळली, त्या दंग्यांची एक मुळी या तेजी-मंदीत होती. जोतीराव फुल्यांनी तर १८७३ मध्येच ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या त्या सद्गृहस्थांना अर्पण केलं होतं, ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी त्याग केला. ज्या लढाईत मुंबईच्या व्यापाऱ्याला कापसाचा भाव दिसला, तीत जोतीरावांना माणसं सुटताना दिसली. आपल्याकडे त्या युद्धाचा इतका नेमका अर्थ त्या काळी दुसऱ्या कुणी लावल्याचं माझ्या वाचनात नाही.

आबांची गोष्ट मी माझ्या नातवंडांना सांगतो, चाकाच्या गोलासकट. मागोमाग मावशीची ज्वारीही सांगतो, कारण एकीवाचून दुसरी अर्धी राहते. इतिहासाची चांगली पुस्तकं आता पुष्कळ आहेत. जेम्स मॅकफर्सन यांचं १९८८ चं ‘बॅटल क्राय ऑफ फ्रीडम’ एका खंडात सारं युद्ध समजावून देतं आणि गुलामगिरीला तिच्या जागी, म्हणजे मध्यभागी ठेवतं. पण कादंबरीपासून सुरुवात करणार असाल तर माझं ऐका. आधी ‘ज्युबिली’ वाचा, मग ‘गॉन विथ द विंड’. आणि तुमच्या गावात वेचणीला जाऊन म्हातारी झालेली कुणी बाई असेल, तर या दिवाळीनंतर तिच्याकडे वही घेऊन जा.