गाण्यांची नावे बदलताना

सीडीवरची गाणी संगणकात उतरवून घेतली की बहुतेक वेळा ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’, ‘ट्रॅक ०३’ अशी एक निनावी रांग उभी राहते. स्नेहसंमेलनासाठी जमवलेली समूहगीते असोत, की संगीताच्या तासाला ऐकवायच्या बंदिशी असोत, हवे ते गाणे शोधायचे तर एकेक लावून पाहावे लागते. चार-पाच ओळींचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, तर अशा शंभर-दोनशे फाइलींची नावे क्षणात बदलता येतात. अशा प्रोग्रॅमला स्क्रिप्ट म्हणतात. ती लिहिणे अवघड नाही. पण त्याआधी दोन प्रश्न विचारू या. गाण्यांची नावे मुळात हरवली कशी? आणि पुष्कळ नावे एका दमात बदलण्याची युक्ती आली कुठून?

हॅनोव्हरची गोष्ट

नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्याला फ्रेड गेसबर्ग यांनी गौहर जान यांचे गायन ध्वनिमुद्रित केले. मेणाच्या मूळ तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात आणि तिथे रेकॉर्डी छापल्या जात. गाणे संपताना गौहर जान इंग्रजीत स्वतःचे नाव सांगत. हॅनोव्हरच्या कारागिराला लेबलावर कोणाचे नाव लिहायचे ते कळावे, म्हणून ही पद्धत पडली असे मानले जाते. म्हणजे नाव गाण्याच्या आतच, अगदी शेवटी ठेवलेले होते.

ऐंशी वर्षांनी, ऑगस्ट १९८२ मध्ये, याच हॅनोव्हरजवळच्या लांगेनहागेन येथील कारखान्यात विक्रीसाठीच्या सीडी तयार होऊ लागल्या. सीडीचे मानक १९८० मध्ये ठरले होते. तबकडीवर एक अनुक्रमणिका असते. तिच्यात किती ट्रॅक आहेत आणि प्रत्येक कुठे सुरू होतो एवढेच लिहिलेले असते. ट्रॅकना ०१ ते ९९ असे क्रमांक असतात. गाण्याचे नाव मात्र फक्त वेष्टणावर छापलेले! नावे तबकडीवरच लिहिण्याची सोय १९९६ मध्ये झाली, पण ती सर्वांनी वापरली नाही. संगणकाला वेष्टण वाचता येत नाही. म्हणून ‘ट्रॅक ०१’.

यावर संगीतप्रेमींनीच तोड काढली. दोन वेगळ्या सीडींवरच्या ट्रॅकच्या सुरुवातीच्या वेळा सहसा तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून त्यावरून सीडी ओळखता येते. १९९३ च्या सुमारास टी कान आणि स्टीव्ह शेर्फ यांनी या कल्पनेवर ‘सीडीडीबी’ नावाचा माहितीसंग्रह उभारला. हजारो लोकांनी फुकट, हौसेने त्यात गाण्यांची नावे टंकलिखित केली. १९९८ मध्ये हा संग्रह एका कंपनीने विकत घेतला आणि पुढे त्याच्या वापरावर बंधने आली. लोकांनी भरलेली नावे लोकांच्या हातून गेली. त्यातूनच ‘म्युझिकब्रेन्झ’सारखे खुले संग्रह जन्माला आले.

फाइलीला स्वतःचे नाव माहीत नसते

संगीत दाबून लहान करण्याच्या पद्धतीवर जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत काम झाले. १४ जुलै १९९५ रोजी तिथल्या संशोधकांनी अशा फाइलींच्या नावापुढे ‘एमपी३’ हे शेपूट लावायचे ठरवले. पण नाव फाइलीत असते कुठे?

शाळेचा हजेरीपट डोळ्यांसमोर आणा. विद्यार्थी बाकावर बसलेला असतो, नाव हजेरीपटात असते. हजेरीपटात नाव खोडून दुसरे लिहिले, तरी बाकावरचा विद्यार्थी तोच राहतो. सुरुवातीच्या युनिक्समध्ये हा हजेरीपट १६ बाइटच्या ओळींचा होता. २ बाइट फाइलीच्या क्रमांकासाठी, १४ बाइट नावासाठी. नाव बदलणे म्हणजे ही ओळ बदलणे, गाण्याला हातही लागत नाही. म्हणून तर शेकडो नावे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच बदलतात.

पण हजेरीपट हरवला तर? या भीतीपोटी १९९६ मध्ये एरिक केम्प यांनी गाण्याच्या फाइलीच्या शेवटी १२८ बाइटची एक चिठ्ठी जोडण्याची पद्धत काढली. ‘आयडी३’ असे तिचे नाव. शीर्षक, कलाकार, संग्रह आणि शेरा यांना प्रत्येकी ३०, वर्षाला ४, संगीतप्रकाराला १ आणि चिठ्ठीच्या खुणेला ३ बाइट. बेरीज करून पाहा, १२८ च येते. गौहर जान यांनी नाव जिथे सांगितले, तिथेच, म्हणजे शेवटी, ते पुन्हा येऊन बसले.

चिठ्ठी मात्र आपल्यासाठी शिवलेली नव्हती. प्रकारांच्या मूळ यादीत ८० नावे होती. त्यात पोल्का होता. ख्याल, ठुमरी, अभंग नव्हते. देवनागरीची अडचण याहून मोठी. आज सर्वत्र चालणाऱ्या, १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी आखलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, आणि काना-मात्रा हीसुद्धा स्वतंत्र चिन्हे असतात. ‘किशोरी आमोणकर’ यात १२ चिन्हे आणि एक मोकळी जागा आहे, म्हणजे ३७ बाइट. नाव ३० बाइटच्या कप्प्यात मावणारच नाही. १९९८ पासूनच्या नव्या आवृत्तीत चिठ्ठी फाइलीच्या सुरुवातीला आली, तिची लांबी मोकळी झाली आणि इतर लिप्यांची सोय झाली.

मज्जातंतूंपासून गाण्यांपर्यंत

आता दुसरा प्रश्न. ‘ट्रॅक हा शब्द, मग दोन अंक, मग काहीही’ अशा वर्णनात बसणारी सगळी नावे संगणकाला कशी दाखवायची?

याचे मूळ अनपेक्षित ठिकाणी सापडते. १९४३ मध्ये मॅक्कलक आणि पिट्स यांनी मेंदूतल्या मज्जापेशींचे एक गणिती प्रारूप मांडले. असे जाळे कोणकोणत्या घटनामालिका ओळखू शकेल, हा प्रश्न गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांनी १९५१ मध्ये हाती घेतला. उत्तर मांडताना त्यांनी एक लेखनपद्धती बनवली. तिच्यात तारकेचा अर्थ ‘आधीची गोष्ट शून्य किंवा कितीही वेळा’ असा होता. १९६८ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या केन थॉम्पसन यांनी हीच पद्धत मजकुरात शोध घेण्यासाठी वापरून दाखवली. पुढे युनिक्सच्या ‘एड’ या संपादकात ती आली, त्यातून १९७३ मध्ये ‘ग्रेप’ हे शोधयंत्र निघाले आणि त्याच सुमारास ली मॅकमाहन यांचे ‘सेड’. १९८७ मध्ये लॅरी वॉल यांनी ‘पर्ल’ ही भाषा प्रसिद्ध केली. पर्लसोबत मिळणाऱ्या नमुन्यांत वॉल यांचाच ‘रिनेम’ नावाचा एक छोटासा प्रोग्रॅम असे. जुन्या नावाला क्लीनींच्या वळणाचा नियम लावायचा आणि निघेल ते नवे नाव द्यायचे, एवढेच त्याचे काम. मेंदूसाठी शोधलेली लिपी अशी गाण्यांच्या नावांपर्यंत पोचली.

स्क्रिप्ट कशी विचार करते

साध्या बोलीत सांगायचे तर स्क्रिप्ट अशी असते: प्रत्येक फाइल घे, तिच्या नावातले दोन अंक वेगळे काढ, वेगळ्या यादीतून त्या क्रमांकाचे शीर्षक आण, अंक आणि शीर्षक जोडून नवे नाव बनव, जुन्याच्या जागी नवे लिही.

यात अंक का ठेवायचे? संगणक नावे बहुधा अक्षरशः लावतो. ‘१’, ‘२’, ‘१०’ ही नावे अक्षरक्रमाने ‘१’, ‘१०’, ‘२’ अशी लागतात. ‘०१’, ‘०२’, ‘१०’ लिहिले की क्रम बरोबर येतो. दोन अंक पुरतात, कारण सीडीवर ९९ च्या पुढे ट्रॅक नसतो.

खरा धोका पुढे आहे. समजा, एका संग्रहात सहा कलाकारांनी गायलेले सहा ‘यमन’ आहेत आणि स्क्रिप्टने सर्वांना ‘यमन’ हेच नाव दिले. युनिक्समधली नाव बदलणारी ‘एमव्ही’ ही आज्ञा त्या नावाची फाइल आधीपासून असली, तर मुकाट्याने तिच्या जागी नवी बसवते. शेवटी सहापैकी एकच यमन उरतो. बाकीचे पाच गेले, आणि कोणतीही तक्रार ऐकू आली नाही. मूळ ध्वनिमुद्रण दुसरीकडे कुठेच नसेल तर ते कायमचे गेले. म्हणून स्क्रिप्टमध्ये आणखी दोन नियम हवेत. नवे नाव आधीच कोणाचे असेल तर थांब. आणि पहिल्या खेपेला काहीही न बदलता जुन्या-नव्या नावांची नुसती यादी दाखव. ती माणसाने वाचावी, मगच दुसऱ्या खेपेला नावे बदलावीत. मूळ फाइलींची एक प्रत आधीच वेगळी ठेवावी, हे ओघाने आलेच.

हे वर्गात संगणकाशिवायही करून पाहता येईल. पाच डब्यांवर १ ते ५ अंकांच्या चिठ्ठ्या लावा. प्रत्येक डब्याचा अंक एकाने वाढवायचा, पण एका वेळी एकच चिठ्ठी बदलायची आणि एकच अंक क्षणभरही दोन डब्यांवर येऊ द्यायचा नाही. सुरुवात कुठून करावी? मुले थोड्याच वेळात शोधतील, की शेवटच्या डब्यापासून. आता दोन डब्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल करायला सांगा. इथे तिसरा, तात्पुरता अंक लागतो, जसे ताक आणि दूध यांची भांडी बदलताना तिसरे रिकामे भांडे लागते. एवढे ज्याला उमगले, त्याला स्क्रिप्ट लिहिण्यातला अवघड भाग उमगला. उरलेले नियम शिकणे हा थोड्या सवयीचा प्रश्न आहे.