मैलाचा दगड आणि डोक्यावरची पाटी

दादरच्या पूर्वेस डॉ. आंबेडकर मार्गाच्या कडेला काळ्या दगडाचा एक ठेंगणा खांब उभा आहे. सेंट थॉमसच्या चर्चपासून सहा मैल, एवढाच मजकूर त्यावर इंग्रजींत कोरलेला असून सहाचा आंकडा रोमन आहे. हें चर्च कोटांतलें. १७१८ सालीं तें उपासनेस खुलें झालें आणि १८३७ सालीं त्यास कॅथीड्रलची पदवी मिळाली. मुंबईंतील या दगडांची ओळ १८१६ ते १८३७ या अवधींतली मानतात. दगडावर कॅथीड्रल नसून चर्च हाच शब्द आहे, तो या कालनिर्णयाशीं जुळतो. पुढें रस्ते व पदपथ थरावर थर चढून उंच होत गेले, आणि कित्येक दगड गळ्यापर्यंत जमिनींत गाडले गेले. अलीकडच्या कांहीं वर्षांत महानगरपालिकेनें त्यांतले कित्येक मोकळे करून पुन्हां नीट उभे केले आहेत.

हा दगड कोणासाठीं होता, असा प्रश्न केला तर उत्तर सोपें आहे. परळ-दादरच्या कोळ्याला किंवा भंडाऱ्याला रोमन आंकडा वाचतां येत नव्हता. आणि येत असता तरी आपल्या झांपापासून इंग्रजांचें चर्च किती मैलांवर आहे हें मोजण्याचें त्याला कारण नव्हतें. दगड बोलत होता तो कोटांतून घोड्यावर किंवा गाडींतून बाहेर पडलेल्या साहेबाशीं, आणि त्यालाहि तो एवढेंच सांगे कीं, तूं घरापासून इतका दूर आलास. पुढें काय आहे याविषयीं दगड मुका. मुंबईच्या उत्तरेकडील रस्त्यांवर गेल्या दोन शतकांत ज्या ज्या खुणा उभ्या राहिल्या, त्यांतल्या बहुतेकींना हा स्वभाव त्या दगडाकडून वारशानें मिळाला आहे. पाटी लावणारा आपल्या जागेवरून पाहतो. वाटेंत राहणारा मनुष्य त्याच्या हिशेबांत क्वचितच असतो.

मैलांची ही मोजणी एका बाजूस शिवेपाशीं तर दुसऱ्या बाजूस माहीमपाशीं पाण्याला येऊन भिडे. शीव हें नांवच मुळीं एक पाटी आहे. मुंबई बेटाची हद्द संपली, आतां खाडी आणि पलीकडे साष्टी, हा अर्थ त्या दोन अक्षरांत सामावलेला आहे. इंग्रजांच्या तोंडीं त्याचें सायन झालें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं गव्हर्नर डंकन याच्या नांवाचा बांध शिवेहून कुर्ल्याकडे गेला. माहीमचा बांध १८४५ सालीं खुला झाला, तो लेडी जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीमुळें. म्हणून बांधाकडे जाणाऱ्या रस्त्याला आजहि त्यांचें नांव आहे. त्या बाईंनीं पैसा देतांना येथें टोल घेऊं नये अशी अट घातली होती. पुढील काळांतल्या नाक्यांचा इतिहास पाहिला म्हणजे ही अट विशेष लक्षांत राहते.

बांधापलीकडे दोन रस्ते फुटत. कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंड करीत ठाण्याकडे जाणारा तो आग्रा रोड. आणि वांद्र्याहून अंधेरी, बोरीवलीवरून उत्तरेस जाणारा तो घोडबंदर रोड. आग्रा मुंबईपासून साडेअकराशें किलोमीटरांहून अधिक दूर. घाटकोपरच्या शेतकऱ्याची भाजी कुर्ल्याच्या बाजारापुढें फारशी जात नसेल, पण त्याच्या दारावरून जाणाऱ्या रस्त्याचें नांव मात्र ताजमहालाच्या गांवाचें. पुढें आग्रा रोड लालबहादुर शास्त्री मार्ग झाला आणि घोडबंदर रोड स्वामी विवेकानंद मार्ग झाला. दोन्ही नांवें पूज्य खरीं. पण आग्रा व घोडबंदर या नांवांनीं निदान रस्ता कोठें जातो हें तरी कळत होतें!

१९२० सालीं ठाणें जिल्ह्यांतून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला. १९५० सालीं शहराची हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७ सालीं दहिसर-मुलुंडपर्यंत सरकली. शेतें गेलीं, चाळी आणि सोसायट्या आल्या. या नव्या वस्तीला रस्त्यानें नव्हे, आगगाडीनें जन्म दिला होता, आणि म्हणून तिची खरी पाटी म्हणजे स्टेशनची पाटी. पिवळ्या जमिनीवर काळीं ठळक अक्षरें, फलाटाच्या दोन्ही टोकांस, डोळ्यांच्या उंचीच्या किंचित् वर. गाडी आंत शिरत असतांनाच नांव वाचतां येतें. मराठी व हिंदी यांची लिपि एकच असल्यामुळें कांहीं स्टेशनांवर तेंच नांव देवनागरींत दोनदां लिहिलेलें दिसतें, तर कांहीं ठिकाणीं एकाच पाटीवर जणू दोन निरनिराळीं गांवें उभीं राहतात. मराठींत शीव, हिंदींत सायन. मराठींत वांद्रे, हिंदींत बांद्रा. स्टेशनवर याचा त्रास होत नाहीं, कारण गाडी थांबलेली असते व शेजारचा उतारू सांगावयास तयार असतो. भरधाव मोटारींत हा शेजारी नसतो.

स्वातंत्र्यानंतर जुन्या दोन्ही रस्त्यांना समांतर असे दोन रुंद मार्ग झाले. शिवेहून ठाण्याकडे जाणारा पूर्व द्रुतगती महामार्ग, आणि वांद्र्याहून दहिसरकडे जाणारा पश्चिम द्रुतगती महामार्ग. प्रत्येकाची लांबी अदमासें चोवीस-पंचवीस किलोमीटर. त्यांच्यावरच रस्त्यावर आडव्या घातलेल्या लोखंडी कमानी आणि त्यांना टांगलेले मोठमोठे फलक उपनगरांत प्रथम नित्याच्या दृष्टीस पडले. रस्ता रुंद झाला म्हणजे कडेची पाटी मधल्या गाडीला ट्रकच्या आड जाते. म्हणून ती डोक्यावर न्यावी लागते. येथपर्यंत सर्व ठीक. परंतु डोक्यावर नेलेली पाटी वाचावयास वेळ किती मिळतो, हा हिशेब निराळा आहे. ताशीं साठ किलोमीटरांच्या वेगानें गाडी तीन सेकंदांत पन्नास मीटर जाते. तेवढ्यांत नांव वाचावयाचें, बाणाचा अर्थ लावावयाचा, आरशांत पाहावयाचें आणि रांग बदलावयाची.

या हिशेबाचा पहिला कसोशीचा विचार कसा झाला, त्याची एक मौजेची हकीकत इंग्लंडांतली आहे. १९५८ सालीं तेथें प्रेस्टन शहराला वळसा घालणारा पहिला मोटाररस्ता खुला झाला, आणि त्यावरील पाट्या जॉक किनीर व त्यांची विद्यार्थिनी मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनीं रचल्या. लहान अक्षरांनीं लिहिलेला शब्द एका आकृतीसारखा ओळखूं येतो, असें त्यांचें म्हणणें. डेव्हिड किंडर्स्ली या अक्षर कोरणाऱ्या कारागिराला तें पटेना. त्यानें सर्व मोठ्या अक्षरांचा आपला नमुना पुढें केला. मग बेन्सनच्या विमानतळावर माणसें खुर्च्यांवर बसविलीं, मोटारीवर पाट्या चढविल्या, आणि मोटार त्यांच्या रोखानें चालवून कोणतें नांव किती दुरून वाचतां येतें तें टिपून घेतलें. किंडर्स्लीचीं अक्षरें किंचित् अधिक दुरून वाचलीं गेलीं. तरीहि निवड झाली ती किनीर-कॅल्व्हर्ट यांच्या रचनेची, आणि १९६३ च्या वॉरबॉईज समितीनें ती साऱ्या देशाच्या रस्त्यांना लावली.

भारतांत १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या परिशिष्टांत खुणांचीं चित्रें होतीं. इंडियन रोड्स काँग्रेसनें १९७७ सालीं पाट्यांची स्वतंत्र संहिता काढली, आणि १९८० सालीं भारत व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय करारांत सामील झाला. रोमन अक्षरांचा प्रश्न असा आयता सुटला. देवनागरीचा प्रश्न निराळाच आहे. तिच्यांत लहान अक्षरें व मोठीं अक्षरें हा भेद नाहीं. शिरोरेषेनें सर्व शब्दांचा माथा सारखाच सपाट होतो. वर मात्रा, वेलांट्या, अनुस्वार, खालीं उकार. मुलुंड हा शब्द घ्या. तीन अक्षरें, त्यांत खालीं दोन उकार आणि वर एक टिंब. फलकावर इंग्रजी ओळीला जेवढी उंची तेवढीच मराठी ओळीला दिली, तर वरखालच्या या पसाऱ्यापायीं अक्षराचें मूळ अंग आंखडतें, आणि मराठी नांव इंग्रजीहून लहान दिसूं लागतें. शिवाय दुरून भ आणि म, घ आणि ध यांत फरक तो काय? भांडुपचें मांडुप आणि घाटकोपरचें धाटकोपर व्हावयास पावसाळी संध्याकाळ आणि कांचेवरचें पाणी एवढें पुरेसें आहे. हा दोष लिपीचा नव्हे. लिपीला तिची जागा मोजून न देणाऱ्या हाताचा आहे.

यापेक्षांहि विचित्र गोष्ट आंकड्यांची. पश्चिम द्रुतगती मार्ग हा राष्ट्रीय महामार्ग ८ चा आणि पूर्वेकडील मार्ग महामार्ग ३ चा भाग म्हणून कित्येक वर्षें ओळखला जाई. २०१० सालीं देशांतील महामार्गांचे क्रमांक नव्यानें ठरले. अहमदाबादवरून दिल्लीकडे जाणारा रस्ता ४८ झाला. जुना ८ हा आंकडा आसामांतल्या करीमगंजहून त्रिपुरांतल्या सब्रूमला जाणाऱ्या रस्त्याकडे गेला, आणि ३ हा आंकडा पंजाबांतल्या अटारीहून लेहला. ज्याच्या जिभेवर जुना आंकडा बसला आहे असा ट्रकवाला नव्या नकाशावर तो शोधूं लागला, तर बोरीवलीहून निघून थेट आगरतळ्यास पोंचावयाचा! मैल जाऊन किलोमीटर आले तेव्हांहि घोटाळा झालाच; परंतु १९५६ च्या कायद्यानंतर तो बदल हळूहळू, वर्षांवर वर्षें घेऊन झाला, आणि भाषेंत मैलाचा दगड अजून आपल्या जागीं आहे.

बाणांचेंहि तसेंच. सरळ वर टोंक असलेला बाण सरळ जा असें सांगतो. परंतु जेथें पुढें एक वाट उड्डाणपुलावर चढते व दुसरी पुलाच्या बाजूनें खालीं राहते, तेथें नवख्या मनुष्यास तोच बाण पुलावर चढ असें सांगत असल्यासारखा वाटूं शकतो. एकदां पुलावर चढलेल्या गाडीला खालचा चौक गमावावाच लागतो. अंधेरीस उतरावयाचें असलेला मनुष्य मग पुढच्या वळणापर्यंत वाहत जातो, आणि मागें येण्यांत अर्धा तास घालवितो. कांहींजण तेवढा धीर धरीत नाहींत. ते पुलाच्या तोंडाशींच गचकन् थांबतात, आणि मागून येणाऱ्याची काय अवस्था होते तें सांगावयास नको.

उपनगरांतल्या माणसानें यावर आपला उपाय केव्हांच काढला आहे. तो फलक वाचीतच नाहीं. त्याच्या खुणा वेगळ्या. अंधेरींत महामार्गावर पाण्याच्या बाटल्यांच्या कारखान्यावरून बिसलेरी हें एका जागेचें नांव पडलें. पूर्वेकडे अमर महल, छेडानगर. मुलुंडला चेकनाका. १ जुलै २०१७ रोजीं जकात बंद झाली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्यें मुंबईच्या वेशींवर हलक्या गाड्यांचा टोलहि माफ झाला. तरी रिक्षावाल्याला चेकनाका म्हटलें कीं पुरें. हीं नांवें कोणत्याहि समितीनें ठरविलेलीं नाहींत. ज्याला तेथें उतरावयाचें असतें त्याच्या तोंडीं तीं तयार झालीं, आणि म्हणूनच त्यांत चूक होत नाहीं. फलक ठाणें, नाशिक, अहमदाबाद अशी दूरची दिशा दाखवितो. तीहि पाहिजेच, कारण दूरचा प्रवासी खरा परका. पण त्याच फलकाखालून रोज जाणाऱ्या असंख्य गाड्या नाशिकला जात नसतात; त्या विक्रोळीला किंवा गोरेगांवला जात असतात. दूरचें गांव किती फलकांवर असावें आणि जवळचें किती, याचें प्रमाण रस्त्यागणिक पडताळून पाहिल्याशिवाय ठरत नाहीं.

डोक्यावरच्या फलकांचा दुसरा एक वंश याच रस्त्यांवर वाढला, तो जाहिरातींचा. त्याला तीन सेकंदांचा हिशेब उत्तम अवगत आहे. एक चेहरा, दोन शब्द, आणि आकार शक्य तेवढा अवाढव्य. दिशा दाखविणारा फलक त्याच्या शेजारीं पोस्टाच्या तिकिटासारखा दिसतो. १३ मे २०२४ रोजीं तिसऱ्या प्रहरीं धुळीचें वादळ उठलें, आणि घाटकोपरला पंतनगरच्या बाजूस महामार्गाच्या कडेचा एक जाहिरातफलक शेजारच्या पेट्रोल पंपावर कोसळला. महानगरपालिकेची मर्यादा ४० फूट लांब व ४० फूट रुंद अशी होती. हा फलक १२० फूट लांब व तितकाच रुंद होता. म्हणजे क्षेत्रफळानें परवानगीच्या नऊ पट. पावसापासून आडोसा म्हणून आणि इंधन भरण्यासाठीं थांबलेलीं माणसें त्याखालीं सांपडलीं, आणि १७ जणांचे प्राण गेले.

नोव्हेंबर २०२२ मध्यें दोन्ही द्रुतगती मार्ग महानगरपालिकेच्या ताब्यांत आले. ज्या संस्थेनें कोटापासूनचे मैलाचे दगड खणून काढले, तिच्याकडेच आतां या कमानी आहेत. पंतनगरच्या त्या जागेवरून दक्षिणेकडे निघालेल्या गाडीला थोड्याच वेळांत छेडानगरचा चौक लागतो. तेथें शिवेकडे एक वाट, सांताक्रूझकडे पुलावरून एक, मानखुर्दवरून वाशीकडे एक, अशा वाटा फुटतात. चालकाला तेथें वाचावयाचे असतात ते चारपांच शब्द, आणि तेहि चौक येण्यापूर्वीं, रांग बदलावयास जागा शिल्लक असतांना.