फ्लॅश गेला, कॅफे गेले, आता पुरावा कुठे शोधायचा? ब्राउजर गेमचा वऱ्हाडातला इतिहास

माझा विषय ऐकला की अमरावतीत पहिला प्रश्न ठरलेला असतो: "गेमवर पीएचडी? काहून बाप्पा, दुसरा विषय नाही भेटला?" ते सोडा. मार्गदर्शक मॅडमनी विचारलेला प्रश्न जास्त अवघड होता: "पुरावा कुठे आहे?" त्या एका प्रश्नापायी माझे सहा महिने गेले. तुम्ही आत्ता विषय निवडताय, म्हणून ते सहा महिने तुमच्यासमोर मांडतो.

माझं गृहीतक असं होतं: २००० नंतरच्या दशकात सायबर कॅफेंमुळे अमरावती-अकोल्यात ब्राउजर गेम पसरले आणि फ्लॅश बंद पडल्यावर ते संपले. ऐकायला छान, आणि अर्धं चूक.

आधी बरोबर निघालेला अर्धा भाग बघू. फ्लॅशचं मूळ १९९६ च्या फ्यूचरस्प्लॅश अ‍ॅनिमेटर या सॉफ्टवेअरमध्ये आहे. मॅक्रोमीडियाने ते घेतलं, फ्लॅश हे नाव दिलं आणि २००५ मध्ये अ‍ॅडोबीने मॅक्रोमीडियाच विकत घेतली. फ्लॅश मुख्यतः चित्राच्या रेषा आणि रंगांच्या सूचना साठवायचा, प्रत्येक ठिपका नाही. त्यामुळे अख्खा गेम काहीशे केबीत बसायचा. मंद लाइनवरही तो उतरायचा, जुन्या पीसीवर चालायचा. शिवाय कॅफेवाले काका काही इन्स्टॉल करू देत नसत, आणि इथे इन्स्टॉल करायची गरजच नव्हती. प्लगइन आधीपासून असायचं. मुंबईत गेम्स२विनसारखी कंपनी असे गेम बनवत होती, आणि २००६ मध्ये रिलायन्सच्या अनिल अंबानी गटाने झपाक ही गेमची साइट आणली. म्हणजे आपण नुसते खेळणारे नव्हतो, महाराष्ट्रात बनवणारेही होते.

आता चुकलेला अर्धा भाग. अकोल्यात पूर्वी कॅफे चालवणाऱ्या एका काकांशी बोलत होतो. मी विचारलं, "काका, पोरं कोणत्या साइटवर खेळायची?" ते हसले. भारनियमनाचे दिवस, नेट महाग, लाइन कधी जाईल नेम नाही. त्यांनी गेमच्या एसडब्ल्यूएफ फाइली एकदाच उतरवून सगळ्या मशीनवर टाकून ठेवल्या होत्या. पोरं ब्राउजरमध्येच खेळायची, पण नेट बंद असायचं! मी प्रश्नावलीत "ऑनलाइन गेम" असा शब्द वापरला होता. ती पूर्ण बदलावी लागली. लक्षात ठेवा, प्रश्नातला शब्दच चुकला तर उत्तर कितीही प्रामाणिक असलं तरी उपयोगाचं नाही.

दुसरी चूक तारखांची. आयफोन २००७ मध्ये आला, त्यावर फ्लॅश कधीच चालला नाही. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्जने फ्लॅशविरुद्ध जाहीर पत्र लिहिलं. नोव्हेंबर २०११ मध्ये अ‍ॅडोबीने मोबाइल ब्राउजरसाठी फ्लॅश पुढे वाढवणार नसल्याचं सांगितलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि स्वस्त डेटा पोरांच्या खिशात गेला. फ्लॅशचा अधिकृत शेवट मात्र ३१ डिसेंबर २०२० चा. म्हणजे मी ज्याला कारण म्हणत होतो, ते परिणामानंतर घडलं होतं! कालरेषा काढायचा कंटाळा केला की असं होतं. एका कागदावर घटना क्रमाने लिहा, अर्धे दावे तिथेच गळतात.

आता मॅडमच्या प्रश्नाकडे येऊ. २०११ च्या सायबर कॅफे नियमांनुसार मालकाने ग्राहकांची नोंदवही किमान एक वर्ष जपायची होती. किमान एक वर्ष, म्हणजे पुढे ती टाकून द्यायला मोकळीक. जी वही माझ्यासाठी सोन्याची, ती बहुतेक ठिकाणी रद्दीत गेली. आणि एखादी सापडलीच तर त्यात लोकांची नावं, पत्ते, ओळखपत्रांचे तपशील असणार. ते प्रबंधात छापायचे नाहीत. मोजणी करा, माणसं उघडी पाडू नका.

मग उरतात गेमच्या फाइली आणि लोकांच्या आठवणी. जुन्या फाइली आज रफल नावाच्या एम्युलेटरवर ब्राउजरमध्येच उघडतात. पण दोन गोष्टी सांभाळा. एक, मराठी मजकूर. फ्लॅश प्लेयर १० हे २००८ मध्ये आलं, त्याआधी देवनागरीची जोडाक्षरं नीट दिसायची सोय फ्लॅशमध्ये नव्हती. अक्षरं चित्र म्हणून किंवा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाकली जायची. त्यामुळे शब्द टाकून शोधलं तर काही मिळत नाही, डोळ्यांनीच बघावं लागतं. दोन, एम्युलेटर गेम दाखवतो, पण शेजारच्या खुर्चीवर नंबराची वाट बघणारा मित्र आणि "दहा मिनिटं राहिली" असा काकांचा आवाज दाखवत नाही. त्यासाठी मुलाखतच हवी.

"भविष्य काय?" हा प्रश्न व्हायव्हात येतोच. तांत्रिकदृष्ट्या ब्राउजर आज फ्लॅशच्या काळापेक्षा खूप ताकदवान आहे. वेबअसेम्ब्ली डिसेंबर २०१९ मध्ये अधिकृत मानक झालं, त्यामुळे सी++ सारख्या भाषेतला गेम ब्राउजरमध्ये वेगाने चालतो. रफलही त्यावरच उभं आहे. २०२३ मध्ये क्रोममध्ये वेबजीपीयू आलं, त्याने ग्राफिक्स कार्डाची ताकद जास्त थेट वापरता येते. प्लगइन लागत नाही, अ‍ॅप स्टोअरची परवानगीही नाही. पण इतिहास सांगतो की फ्लॅशला हरवणारी गोष्ट नुसती ताकदीची कमतरता नव्हती. लोक ज्या यंत्राकडे गेले, त्याच्या मालकाने दार बंद ठेवलं होतं. म्हणून भविष्यावर बोलताना दोन गोष्टी तपासा: दाराची किल्ली कोणाकडे आहे, आणि तिवस्यातल्या पोराच्या स्वस्त मोबाइलच्या मेमरीत तो गेम मावतो का.

शेवटी एक काम देतो. तुमच्या गावात पूर्वी कॅफे चालवणारं कोणी असेल तर या आठवड्यात जाऊन भेटा. लेखी परवानगी घ्या, रेकॉर्डिंग करा, आणि माळ्यावर एखादा जुना सीपीयू पडलाय का ते विचारा. अकोल्याच्या त्या काकांनी त्यांचा सीपीयू मी पोचायच्या थोडं आधीच भंगारात दिला होता. त्या फाइलींची दुसरी प्रत मला अजून सापडलेली नाही.