पट्टी, जखम आणि प्राणवायू

घोट्याच्या वर, आतल्या अंगाला होणारी आणि महिनोन्‌महिने न भरणारी जखम आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. तिला वारा लागू द्यावा, असे घरोघरी सांगतात. पण इतिहास पाहा. जाणत्या शस्त्रवैद्यांनी उलट ती पट्टीने आवळली. आणि मौज ही, की का आवळायची हे मात्र त्यांना नीट उमगले नव्हते!

नीलांमध्ये, म्हणजे रक्त परत हृदयाकडे नेणाऱ्या शिरांमध्ये, झडपा असतात. पादुआच्या फाब्रिसियसने १६०३ साली त्यांचे वर्णन छापले. त्याच्या शिष्याने, हार्वेने, १६२८ साली रक्ताभिसरण सिद्ध केले. झडप निकामी झाली की रक्त पायात तुंबते. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सचा शस्त्रवैद्य रिचर्ड वाइजमन याने १६७६ च्या आपल्या ग्रंथात या जखमेचा संबंध फुगलेल्या शिरांशी जोडला. उपाय म्हणून तो बंदांनी आवळायचा मोजा वापरी. पुढे १७९७ साली ब्रिस्टलच्या थॉमस बेंटनने चिकट पट्ट्या गुंडाळून रोग्यांना हिंडते-फिरते ठेवले. गरिबाला अंथरुणावर पडून कसे परवडणार?

प्राणवायूचा प्रश्न त्यानंतरचा. अमेरिकेतील जॉन होमन्स याने १९१७ साली मांडले, की साचलेल्या रक्तात प्राणवायू कमी, म्हणून कातडी मरते. पटण्यासारखीच गोष्ट, नाही का? पण १९२९ साली आल्फ्रेड ब्लेलॉकने अशा पायांतले रक्त तपासले, तो त्यात प्राणवायू उलट जास्त! रक्तात आहे, पण कातडीला मिळत नाही, असा हा पेच. विहिरीत पाणी आहे आणि पीक वाळते आहे, तसेच म्हणा ना.

पुढे कातडीवर ठेवायचे, किंचित तापवलेले मापनयंत्र आले. जखमेभोवती प्राणवायू कमी भरला. १९८२ साली लंडनच्या ब्राउझ व बर्नंड यांनी केशवाहिन्यांभोवती फायब्रिनचे वेष्टन अडसर होते असे सुचवले. नुसत्या त्या वेष्टनाने सारे उलगडत नाही, हे मागाहून दिसले. सुजेचे कारण मला अधिक साधे वाटते. सूज आली की केशवाहिनी आणि पेशी यांतले अंतर वाढते, आणि प्राणवायूला तेवढे ओलांडावे लागते. पट्टी ते पाणी हटवते, चालताना पोटरीला रक्त वर ढकलायला आधार देते. मोजमापे मात्र एकमुखाने बोलत नाहीत, हेही सांगितले पाहिजे.

लंडनच्या चेअरिंग क्रॉस रुग्णालयातून १९८८ साली चारपदरी पट्टी पुढे आली. घोट्याशी सुमारे ४० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब. पण घरी कुणी ती आवळू नये. रक्त आणणारी रोहिणीच अरुंद असेल तर हाच दाब पाय घालवतो. म्हणून डॉक्टर आधी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून पाहतात, गुणोत्तर ०.८ च्या खाली गेले, तर एवढा दाब देत नाहीत.