आपणहून आलेला कामगार

जालना एमआयडीसीत भट्टीत भंगार वितळते, मिलमधून सळई निघते आणि दोन्हीकडे राबणाऱ्यांत बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशची माणसे पुष्कळ. यायची रीत सगळ्यांची सारखीच. आधी आलेल्या गाववाल्याचा फोन, जनरलचे तिकीट, की लागला कामाला.

१९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याच्या हिशेबी असा माणूस स्थलांतरितच नव्हता. तो कायदा ओडिशातल्या 'दादन' पद्धतीच्या तक्रारींतून जन्मला. तिथे सरदार उचल देऊन गावेच्या गावे परराज्यात नेत. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या मुकादमासारखेच. म्हणून व्याख्येतच ठेकेदार येऊन बसला. त्याच्यामार्फत भरती झाली तरच प्रवासभाडे आणि विस्थापन भत्ता. घटनेच्या १९ व्या कलमाचा हक्क बजावून जो आपल्या पायांनी आला, त्याला काहीच नाही.

हा कायदा मोडीत काढून व्यावसायिक सुरक्षा संहितेत मिसळायचे ठरले. जुलै २०१९ मध्ये विधेयक लोकसभेत आले आणि भर्तृहरी महताब यांच्या अध्यक्षतेखालील श्रमविषयक स्थायी समितीकडे गेले. खातेवार स्थायी समित्यांची ही पद्धत १९९३ ची. तेव्हा सभापती होते लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर. त्याआधी एखादे विधेयक प्रवर समितीकडे जाई आणि काम संपले की समितीही संपे. चाकूरकरांच्या काळात कायम बैठक असलेल्या १७ समित्या झाल्या. २००४ मध्ये त्या २४ झाल्या. बैठका बंद दाराआड होतात, कॅमेरा नसतो, म्हणून तिथे खासदार पक्षाची री ओढण्याऐवजी कलमे वाचतात. निदान वाचू शकतात. शिफारस मात्र सरकारवर बंधनकारक नसते.

समितीने ११ फेब्रुवारी २०२० ला अहवाल दिला. पुढच्या महिन्यात टाळेबंदी लागली. ८ मे रोजी पहाटे जालन्याच्या स्टील कारखान्यातून भुसावळच्या दिशेने रुळांवरून चालत निघालेले १६ मजूर करमाडजवळ मालगाडीखाली गेले. मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतले होते. गाड्या बंद आहेत या समजुतीने थकून रुळांवरच झोपले होते.

सरकारने जुने विधेयक मागे घेऊन १९ सप्टेंबरला नवे मांडले. त्यात, महिना १८,००० रुपयांपर्यंत मजुरी असलेला, आपणहून आलेला कामगारही व्याख्येत आला. ही सुधारणा खरीच मोठी. पण त्याच मसुद्यात विस्थापन भत्ता नव्हता, आणि जिथे जुना कायदा पाच स्थलांतरितांवर लागू होई तिथे आता दहा लागणार होते. हे नवे विधेयक समितीकडे गेलेच नाही. २२ ला लोकसभा, २३ ला राज्यसभा, विरोधकांचा बहिष्कार.

नागरिकत्व दुरुस्तीचेही असेच झाले होते. २०१६ चा मसुदा संयुक्त समितीने अडीच वर्षे चाळला. डिसेंबर २०१९ चा मसुदा तीन दिवसांत दोन्ही सभागृहांतून पार. पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती, सतरावीत १६ टक्के. महाराष्ट्रात उलटे उदाहरणही आहे. विशेष जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये चंद्रशेखर बावनकुळे यांच्या संयुक्त समितीकडे गेले, बारा हजारांवर सूचना-हरकती आल्या आणि जुलै २०२५ मध्ये ते काही दुरुस्त्यांसह मंजूर झाले. दुरुस्त्या पुरेशा होत्या का, यावर वाद आहे. पण वाद घालायला दोन्ही मसुदे शेजारी ठेवता येतात.

व्यावसायिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. नऊ परप्रांतीय मजूर असलेल्या छोट्या कारखान्याला तिचे स्थलांतरितांचे प्रकरण आता लागू नाही.